ताट एक, वाट्या वेगळ्या: एकाच घरात यूल आणि ख्रिसमस कसा साजरा करावा

माझ्या सासूबाई गावच्या चर्चमध्ये कित्येक वर्षं गातात. नणंद पेगन आहे, म्हणजे चर्च येण्याआधीच्या युरोपातल्या निसर्गपूजेचा धागा नव्याने धरणाऱ्यांपैकी. आणि मी डोंबिवलीची. लग्न होऊन इंग्लंडात सॉमरसेटला आले, त्या पहिल्या डिसेंबरात नव्या सुनेच्या उत्साहात मी दोन्ही सण, म्हणजे सासूबाईंचा ख्रिसमस आणि नणंदेचा यूल हा हिवाळ्यातला सूर्याचा सण, २५ तारखेला एकत्र उरकायचं ठरवलं. सकाळी चर्च, दुपारी टर्की, जेवणाआधी बागेत नणंदेचा सूर्यविधी. झालं काय, तर चर्चमधली मंडळी गप्पा मारत उशिरा परतली, नणंदेचा विधी अर्ध्यावर असताना सासूबाईंनी 'आधी जेवून घ्या गं' म्हणून हाक मारली, टर्की कोरडीठाक झाली आणि संध्याकाळी घरात तिघी तीन खोल्यांत बसलो होतो.

त्यानंतर बरेच हिवाळे गेले. आता आमच्याकडे हे सगळं सुरळीत चालतं, त्याचं कारण मी खिचडी करणं सोडलं. आपल्या ताटात मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे, भाजी-आमटी उजवीकडे. सगळं एकाच ताटात, पण कोणी कोशिंबीर आमटीत ओतत नाही. सणांचंही तसंच. प्रत्येक सणाला त्याचा दिवस आणि त्याचा यजमान. बाकीचे त्या दिवशी पाहुणे. पाहुण्याने मनापासून सामील व्हायचं, पण सुधारणा सुचवायच्या नाहीत.

इथे सून किंवा जावई होऊन आलेल्या, किंवा शेजारपाजारच्या दोन्ही सणांना बोलावणी येणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी हे लिहिते आहे.

ऑक्टोबरात बसा, कॅलेंडर घेऊन

एका संध्याकाळी चहा करा आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारा: तुझ्यासाठी न टाळता येण्यासारखा क्षण कोणता? 'ख्रिसमस' किंवा 'यूल' हे उत्तर चालणार नाही, नेमका क्षण हवा. सासूबाई म्हणाल्या, २४ च्या मध्यरात्रीची प्रार्थना. नणंद म्हणाली, सर्वात लांब रात्रीनंतरचा सूर्योदय. नवऱ्याला जेवणानंतर सोफ्यावर लोळायचं होतं. तेही लिहून घेतलं. हे क्षण पक्के करा, बाकी सगळं त्यांच्या भोवती बसतं.

ढोबळ वेळापत्रक असं. अ‍ॅडव्हेंट, म्हणजे ख्रिसमसच्या आधीचे चार रविवार. २१ किंवा २२ डिसेंबरला अयनदिन, म्हणजे वर्षातला सर्वात लहान दिवस, तोच पेगन लोकांचा यूल. २४ च्या रात्रीपासून ख्रिसमस, तो पुढे बारा दिवस. ६ जानेवारीला एपिफनी, पूर्वेकडचे ज्ञानी पुरुष बाळ येशूच्या दर्शनाला आले त्याचा सण. आणि आमच्या सफरचंदाच्या मुलखात १७ जानेवारीला वासेल, म्हणजे सफरचंदाच्या झाडांचा सण. तारखा एकमेकींवर आदळत नाहीत, आदळवतो आपण.

अयनदिन दर वर्षी तपासून घ्या. २१ डिसेंबर गृहीत धरून आदल्या दिवशीच टेकडीवर जाऊन कुडकुडणारे लोक मी पाहिलेत.

इतिहासाचं भांडण ताटावर आणू नका

हे भांडण होणारच, त्यामुळे उत्तरं आधीच माहीत असलेली बरी. एक बाजू म्हणते, 'ख्रिसमस म्हणजे चोरलेला पेगन सण.' दुसरी म्हणते, 'पेगन धर्म कालपरवाचा, पुस्तकं वाचून बनवलेला.' दोन्हींत थोडं खरं आहे, आणि दोन्ही जेवणाच्या टेबलावर विष आहेत.

२५ डिसेंबरला येशूचा जन्मदिवस पाळल्याची सर्वात जुनी नोंद रोममधली, इ. स. ३३६ ची. ज्या रोमन दस्तऐवजात ती आहे, त्याच इ. स. ३५४ च्या संग्रहात २५ डिसेंबरपुढे 'अजिंक्य सूर्य' या रोमन देवाच्या जन्मदिवसाचीही नोंद आहे. कोणी कोणाचं घेतलं यावर अभ्यासक अजून भांडतायत. आपण आपला पुडिंगचा घास घ्यावा. इंग्लंडपुरतं सांगायचं तर बीड नावाच्या ख्रिस्ती भिक्षूने इ. स. ७२५ मध्ये लिहून ठेवलंय की आपण ख्रिसमस पाळतो त्याच रात्रीला पूर्वीचे अँग्लो-सॅक्सन लोक 'मोड्रानिक्ट', म्हणजे मातांची रात्र म्हणत, आणि त्यांच्या महिन्याचं नाव होतं 'गिउली'. तोच आपला यूल.

उलट बाजूने, नणंद अ‍ॅडव्हेंटच्या मेणबत्त्यांचं चक्र प्राचीन पेगन म्हणून सांगायची. ते सुरू केलं योहान विचर्न या पाद्र्याने, हॅम्बुर्गमध्ये, १८३९ साली, अनाथ मुलांना ख्रिसमसला किती दिवस उरले ते कळावं म्हणून. आणि पेगन लोकांचं आठ सणांचं वर्षचक्र आजच्या रूपात १९५० च्या दशकात आकाराला आलं, आधुनिक पेगन पंथांचे इंग्लिश प्रणेते जेरल्ड गार्डनर आणि रॉस निकोल्स यांच्या मंडळींत. म्हणून तो सण खोटा ठरत नाही. आपला सार्वजनिक गणेशोत्सव तरी कुठे हजार वर्षं जुना आहे? २०२१ च्या जनगणनेत इंग्लंड-वेल्समध्ये सुमारे ७४ हजार लोकांनी धर्माच्या रकान्यात 'पेगन' लिहिलं, आणखी १३ हजारांनी 'विक्का', म्हणजे पेगनांतलाच एक पंथ. त्यातली एक आमच्याकडे भांडी घासायला मदत करते, एवढं मला पुरे.

नोव्हेंबर: पुडिंग, आणि सूट नावाची अडचण

अ‍ॅडव्हेंटच्या आधीच्या रविवारला इथे 'स्टर-अप संडे' म्हणतात. त्या दिवशीच्या जुन्या प्रार्थनेची सुरुवात 'स्टर अप' अशी होते, आणि लोकांनी ती थेट स्वयंपाकघरात आणली. घरातल्या प्रत्येकाने मिश्रण एकदा ढवळायचं, पूर्वेकडून पश्चिमेकडे, पूर्वेच्या ज्ञानी पुरुषांची आठवण म्हणून, आणि मनात एक इच्छा धरायची. नणंदही ढवळते. इच्छा धरण्यावर कुठल्याच धर्माचं पेटंट नाही.

आता महत्त्वाचं. पारंपरिक ख्रिसमस पुडिंगमध्ये आणि मिन्स पायच्या सारणात 'सूट' असतं, म्हणजे बैलाच्या मूत्रपिंडाभोवतीची चरबी. माझी आई पहिल्यांदा इथे आली तेव्हा शेजारून आलेल्या मिन्स पायकडे 'नुसता सुकामेवा तर आहे' म्हणून तिचा हात गेला होता. मी डबा उलटून पाहिला म्हणून वाचलो. आता पुष्कळ ठिकाणी वनस्पती सूट वापरतात, पण पाकीट वाचल्याशिवाय आणि घरच्या खाण्याबद्दल विचारल्याशिवाय शाकाहारी माणसाच्या पुढ्यात ठेवू नका. विचारण्यात कोणी अपमान मानत नाही.

आठ जणांसाठी माझं प्रमाण: बेदाणे, मनुका, करंट मिळून ४५० ग्रॅम, वनस्पती सूट १०० ग्रॅम, ब्रेडचा चुरा १०० ग्रॅम, बेकिंग पावडर घातलेला मैदा ६० ग्रॅम, गडद ब्राउन साखर १७५ ग्रॅम, किसलेलं सफरचंद एक, अंडी दोन, जायफळ, दालचिनी, लवंग मिळून दोन चमचे, संत्र्याची किसलेली साल, आणि १२० मिलिलिटर काळी बिअर किंवा संत्र्याचा रस. रात्रभर मुरू द्या. सव्वा लिटरच्या वाडग्याला लोणी लावून त्यात भरा, वर बटरपेपर आणि फॉइलला एक चुणी घालून सुतळीने बांधा. चुणी हवीच, पुडिंग फुगतं.

इथले लोक हे आठ तास वाफवतात आणि खिडक्यांवरून पाणी गळतं. तुमच्याकडे आईने दिलेला कुकर आहे ना? तळाशी जाळी आणि दीड लिटर पाणी, वाडगा आत, आधी शिट्टी न लावता वीस मिनिटं वाफ, मग शिट्टी लावून अगदी मंद आचेवर दोन तास. मध्ये एकदा वाफ जिरू देऊन पाणी बघा. सासूबाईंना पहिल्या वर्षी स्फोट होईल असं वाटलं होतं. आता नोव्हेंबर आला की कुकरची चौकशी त्याच करतात.

हिरवाई

हॉली, आयव्ही आणि मिसलटो. ही एकच गोष्ट दोन्ही सणांत अशी आहे की जिच्या मालकीवरून कोणी बोलत नाही, म्हणून ती मुलांकडे सोपवा. स्वतःच्या घरापुरत्या रानातल्या चार फांद्या तोडायला इथे सहसा हरकत नसते, पण कुणाच्या बागेत किंवा कुंपणाआत शिरताना विचारायचं आणि झाड मुळासकट उपटायचं नाही. मिसलटो हे बांडगूळ, आंब्यावर दिसतं तसलंच. इकडे ते सफरचंदावर वाढतं. ड्रूइड पुजारी पांढरी वस्त्रं नेसून सोन्याच्या कोयत्याने ते कापत, असं रोमन लेखक प्लिनीने लिहिलंय. आम्ही शिडी आणि बागेची कात्री वापरतो.

तिन्हींची फळं विषारी असतात. घरात रांगणारं मूल किंवा कुत्रा असेल तर उंच टांगा आणि गळलेली फळं रोज झाडून काढा. यू नावाचं चर्चच्या आवारात दिसणारं सदाहरित झाड मात्र घरात आणूच नका, ते फारच विषारी.

सर्वात लांब रात्र

मुंबईत वर्षातला सर्वात लहान दिवससुद्धा अकरा तासांचा असतो. इथे तो आठ तासांहूनही कमी. सूर्य सव्वाआठच्या सुमारास उगवतो आणि चारला मावळतो, आणि मधल्या वेळात ढग नसतील याची खात्री नाही. नोव्हेंबर संपेपर्यंत माणूस आतून विझल्यासारखा होतो. सूर्य परत फिरला हे साजरं करावंसं का वाटतं, ते मला कुठल्याही पुस्तकाने नाही, इथल्या दुसऱ्या हिवाळ्याने शिकवलं.

ही रात्र नणंदेची, तिथे यजमान ती. चारच्या सुमारास घरातले सगळे दिवे बंद. फ्रिजचा लाल ठिपकासुद्धा झाकायचा. मोबाइल टोपलीत. एक तास काळोखात बसायचं. पहिली दहा मिनिटं मुलं खिदळतात, मग गोष्टी सुरू होतात. मी पहिल्यांदा बसले तेव्हा मला लोडशेडिंगची आठवण आली आणि तेच सांगितलं. हा विधी तितपत सैल असतो. तासाने ती एकच मेणबत्ती लावते, त्यावरून प्रत्येकजण आपापली.

मग शेकोटी. यूलचा ओंडका, म्हणजे या सणाला शेकोटीत जाळायचं मोठं लाकूड, इथे सगळ्यांना माहीत असतो, पण आमच्या सॉमरसेटात आणि शेजारच्या डेव्हनमध्ये त्याऐवजी 'अ‍ॅशन फॅगट' जाळतात: अ‍ॅश झाडाच्या काटक्यांची मोळी, लवचीक कोवळ्या फांद्यांनी ठिकठिकाणी बांधलेली. जुनी रीत ख्रिसमसच्या पूर्वसंध्येची किंवा बाराव्या रात्रीची. नणंदेने ती आमच्याकडे अयनरात्रीला घेतली. जळताना एकेक बंध तटकन तुटतो आणि प्रत्येक वेळी पेला उंचावायचा. करायला सोपी आहे. अंगठ्याएवढ्या जाड, चुलीच्या मापाच्या वीसेक सुक्या काटक्या घ्या. विलोच्या कोवळ्या फांद्या रात्रभर पाण्यात भिजवून त्यांनीच बांधा. तार किंवा प्लॅस्टिकची दोरी नको. जितकी माणसं तितके बंध, म्हणजे प्रत्येकाचा एक. धुराडं वर्षातून एकदा साफ करून घेतलेलं असावं आणि खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म असावा. शेवटची एक काटकी अर्धी जळली की बाहेर काढून विझवून ठेवतात, पुढच्या वर्षीची आग तिने पेटवायला.

फ्लॅटमध्ये राहता? जाड ओंडक्याला ड्रिलने तीन भोकं पाडा, मेणबत्त्या बसवा, खाली थाळी. विलोऐवजी लोकरीचे धागे बांधून ते एकेक कापा, जळते ठेवू नका. मजा येते.

पहाटे बाहेर पडायचं. स्टोनहेंजला या सूर्योदयाला सगळ्यांना दगडांच्या आत मोफत सोडतात. एरवी बहुतेक दिवस दोरीच्या बाहेरूनच बघावं लागतं. गाडी लावण्याच्या जागेपासून दगडांपर्यंत दोन-अडीच किलोमीटर, काळोखात. दारू चालत नाही, दगडांवर चढायचं नाही. मोज्यांचे दोन जोड, थर्मास आणि लहान टॉर्च. गंमत अशी की स्टोनहेंजची मुख्य रेषा हिवाळ्यात सूर्यास्ताच्या दिशेने आहे, पण गर्दी होते सूर्योदयाला. आम्ही बहुधा जवळच्या ग्लॅस्टनबरी टेकडीवर जातो. वर सेंट मायकेलच्या चर्चचा उरलेला एकटा मनोरा, त्याच्या पायथ्याशी ढोलकं घेतलेले पेगन. दोन्ही सणांचं याहून नेमकं चित्र मला माहीत नाही. त्याच गावात हिवाळ्यात फुलणारं एक काटेरी झाड आहे, ख्रिस्ती आख्यायिकेप्रमाणे येशूला थडग्यात ठेवणाऱ्या अरिमथियाच्या जोसेफने रोवलेल्या काठीचं, आणि त्याची डहाळी दर ख्रिसमसला राजवाड्यावर जाते.

सार्वजनिक विधीला गेलात तर चार गोष्टी सांभाळा. रिंगण बांधलं की मध्येच आत-बाहेर करू नका; जायचंच असेल तर शेजारच्याला खुणावा, ते वाट 'उघडून' देतात. फोटो विचारून. मधल्या मांडणीतली वस्तू उचलून बघू नका, आपल्या देव्हाऱ्यातली कोणी उचलली तर कसं वाटेल? आणि वाटून खायला काहीतरी न्या. माझ्या शंकरपाळ्यांचा डबा रिकामाच परत येतो.

चर्चकडे

अ‍ॅडव्हेंट किंवा ख्रिसमसच्या आसपास मुलांची क्रिस्टिंगल प्रार्थना असते. संत्र्याला लाल फीत, वर मेणबत्ती, आणि चार काड्यांवर बेदाणे नि गोळ्या टोचलेल्या. संत्रं म्हणजे जग, फीत म्हणजे ख्रिस्ताचं रक्त, ज्योत म्हणजे त्याचा प्रकाश, काड्या म्हणजे चार ऋतू. मोराव्हियन पंथीयांनी १७४७ साली जर्मनीत सुरू केलेली ही रीत इंग्लंडच्या चर्चमध्ये १९६८ पासून आली. मुलींचे केस घट्ट बांधा. अंधारात पन्नास मुलं, पन्नास ज्योती आणि पुढच्या रांगेतली वेणी; माझी भाची थोडक्यात वाचलीय.

२४ ची मध्यरात्रीची प्रार्थना साडेअकराच्या आसपास सुरू होते. अर्धा तास आधी जा, स्वेटर काढू नका, जुन्या चर्चमध्ये उष्णता छतापाशी असते. प्रसादाच्या वेळी लोक वेदीपाशी जातात. बाप्तिस्मा झालेला नसेल तर जागेवर बसून राहिलं तरी चालतं, किंवा पुढे जाऊन छातीवर हात आडवे घेऊन मान झुकवा. पाद्री भाकरी न देता आशीर्वाद देतात. 'अनुभव घेऊन बघू' म्हणून भाकरीसाठी हात पुढे करू नका. गाणी मात्र मोठ्याने गा. सूर चुकला तरी ऑर्गन झाकून घेतो. नणंद दर वर्षी येते, मागच्या रांगेत बसते, कॅरोल गाते आणि प्रार्थनेच्या वेळी गप्प राहते. सासूबाईंना तेवढं पुरतं.

त्याच दिवशी, चर्चला निघायच्या आधी, आमच्याकडे बीडने लिहिलेली ती मातांची रात्र होते. खिडकीत दिवा लावून प्रत्येकीने आपल्या आई-आजी-पणजीचं नाव घ्यायचं. पाहुणी म्हणून बसलेल्या सासूबाईंनी एका वर्षी आपल्या आजीचं नाव घेतलं. ते नवऱ्यालाही माहीत नव्हतं. मी समई लावते आणि माझ्या पणजीपाशी अडते, तिचं माहेरचं नाव आईलाही ठाऊक नाही.

२५ ला नवीन काही करायचं नाही. जेवण, फटाकडी ओढून निघालेले कागदी मुकुट, सोफा. शाकाहाऱ्यांसाठी नट रोस्ट आदल्या दिवशीच करून ठेवा, आणि बटाटे बदकाच्या चरबीत भाजण्याआधी त्यांचा वाटा तेलावर वेगळा काढा. २६ ला मी करंज्या तळते. गोव्याचे ख्रिस्ती लोक नाताळाला नेवऱ्या करतातच, त्यामुळे हा पदार्थ इथे उपरा नाही असं मी सांगते.

सजावट उतरवायचा दिवस हा आमच्याकडचा शेवटचा वाद होता. चर्चवाले बाराव्या रात्री, ५ किंवा ६ जानेवारीला उतरवतात. नणंदेला हिरवाई २ फेब्रुवारीपर्यंत हवी. कॅंडलमासपर्यंत, म्हणजे त्याच दिवशीच्या ख्रिस्ती सणापर्यंत, ठेवायची हीही जुनी इंग्लिश रीतच. तोडगा: चमचमतं सगळं सहाला माळ्यावर, पानं तिच्या खोलीत.

वासेल, तिळगुळासह

१७५२ साली ब्रिटनने कॅलेंडर बदललं. २ सप्टेंबरनंतर थेट १४ सप्टेंबर उजाडला. मधले अकरा दिवस कागदावरून गेले, पण सफरचंदवाल्यांनी ते मनावर घेतलं नाही. जुन्या हिशेबाची बारावी रात्र त्यांनी तशीच ठेवली, म्हणून ती आता १७ जानेवारीला येते. सॉमरसेटच्या कारहॅम्प्टन गावात ती अजून त्याच तारखेला होते. बागेतल्या सर्वात जुन्या झाडाभोवती जमायचं, मुळाशी सायडर ओतायची, सायडरमध्ये बुडवलेला टोस्ट रॉबिन पक्ष्यांसाठी फांद्यांत खोचायचा, आणि दुष्टशक्ती पळाव्यात म्हणून बंदुकीचे बार काढायचे नि पातेली बडवायची. 'वासेल' म्हणजे जुन्या इंग्रजीत 'निरोगी राहा'. इथे पाद्रीही येतात आणि पेगनही. कोणाचा सण हे कोणी विचारत नाही, कारण तो झाडाचा आहे.

आणि दोन-तीन दिवस आधी आपली संक्रांत झालेली असते. तीही सरकलेलीच. उत्तरायण लागतं डिसेंबरच्या अयनदिनी, पण आपलं पंचांग राशी ताऱ्यांवरून मोजतं आणि पृथ्वीचा अक्ष हळूहळू डोलतो, त्यामुळे मकर संक्रमण आज सुमारे २४ दिवस पुढे गेलंय. म्हणजे नणंदेचा यूल आणि माझी संक्रांत मुळात एकाच सूर्याच्या वळणाचे. हे तिला समजावलं, त्या वर्षीपासून वासेलला तिळगुळाच्या वड्या माझ्या.

वड्यांत शेंगदाणे घालू नका. गर्दीत कोणाला तरी ॲलर्जी असतेच, आणि तिळाची असू शकते म्हणून डब्यावर मोठ्या अक्षरांत लिहा. मुलांसाठी सायडर नको, सफरचंदाचा रस दालचिनी-लवंग घालून गरम करा, उकळू न देता. इंग्लंडात 'सायडर' म्हटलं की ती दारूच, हे भारतातून आलेल्या पाहुण्यांना आधीच सांगा. माझ्या काकांनी रस समजून दोन मोठे मग रिचवले होते, आणि त्या रात्री झाडापुढे सर्वात मोठ्याने तेच ओरडले.

घरी आलं की पातेल्यांना गेलेले पोचे मोजायचे, आणि अयनरात्रीची ती अर्धजळकी काटकी खोक्यात घालून शेडमध्ये ठेवायची. खोक्यावर नाव लिहा. आमच्याकडे ती एप्रिलच्या साफसफाईत दोनदा कचऱ्यात गेली आहे.